तीन महिने कुणाला सांगायचं नाही

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. ‘असशील तशी ये.’ ताईच्या तोंडी हे शब्द म्हणजे एक तर कुणी गेलंय, नाही तर कुणी येणार आहे. पोहोचले तर भाची सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली, हातात लिंबाची फोड. आत ताई बिनफोडणीचं वरण ढवळत होती. फोडणीचा वास लेकीला सहन होत नाही म्हणून. मी काय ते समजले.

सातवा आठवडा होता. मी तिला जवळ घेतलं, तेवढ्यात ताई पळी हातात घेऊनच बाहेर आली. ‘अगं, कौतुक मागनं कर. आधी तिला विचार, बाळंतपण कुठे करणार आहे ते.’

‘घरी,’ भाची म्हणाली. ‘आमच्याच फ्लॅटमध्ये. मावशी, मला हॉस्पिटलात नाही बाळंत व्हायचं.’

मी हसले. लाज वाटते सांगायला, पण हसले. वीस वर्षं कल्याण-डोंबिवलीत बातमीदारी करणाऱ्या बाईला ते एखाद्या रीलमधून उचललेलं खूळ वाटलं. भाचीने फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘तुझं बाळंतपण कसं झालं होतं, ते सांग ना.’ त्यावर माझं हसू गेलं.

(तिला विचारूनच लिहितेय. तिच्या दोन अटी आहेत. नाव नको, आणि ‘आजकालच्या पोरींना काय कळतंय’ असा सूर नको. मला भाच्या पाच आहेत, ओळखत बसू नका.)

तर माझं बाळंतपण. 2007 साल, एक खासगी नर्सिंग होम, नाव घेत नाही. रात्री कळा सुरू झाल्या म्हणून गेलो. दारातच बांगड्या, मंगळसूत्र काढून आईच्या हातात दिलं आणि आई बाहेर, मी आत. मग पहाटेपर्यंत मी, एक ट्यूबलाइट आणि भिंतीवरचं घड्याळ. मधूनमधून कुणीतरी येऊन तपासून जायचं, काय दिसलं ते सांगायचं नाही. ओरडले तर आया म्हणाली, ‘आता कशाला ओरडतेस?’ या वाक्याचा पुढचा भाग इथे लिहिण्यासारखा नाही. वाचणाऱ्या बायकांना तो पाठ असेल. सकाळी सात वाजता डॉक्टर आले, ‘ठोके कमी होतायत’ म्हणाले, दोन मिनिटांत कागदावर सही आणि वीस मिनिटांत मुलगा हातात. त्या सिझेरियनची गरज होती की नव्हती हे मला आजही माहीत नाही. कदाचित त्यामुळेच माझा मुलगा आज आहे. पण मला कुणी काही सांगितलं नाही, आणि पेशाने प्रश्न विचारणारी मी, मीही विचारलं नाही.

भाचीने विचारलंय. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची गेल्या वर्षी अशीच रात्र गेली, ती ऐकून हिने वाचायला सुरुवात केली. तिच्याकडे आकडेही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची 2019-21 ची फेरी सांगते की महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांत होणाऱ्या बाळंतपणांपैकी शंभरातली सुमारे 39 सिझेरियनने होतात. त्याआधीच्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, हा आकडा 33 होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये म्हटलं आहे की, एखाद्या लोकसंख्येत सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर त्याने आई-बाळाचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. खासगीत अवघड केसेस जास्त येतात हे मान्य केलं तरी 39 पचत नाही. तेव्हा मुलगी घाबरली तर ती वेडी नव्हे.

आणि सरकारीत जा म्हणावं, तर आमच्या भागात ते तोंडाने म्हणायला सोपं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्याच वर्षी कल्याणात पालिका रुग्णालयाच्या दारात एका बाईचं बाळंतपण झालं. दाराच्या आत नव्हे, बाहेर. ठाणे स्टेशनवरच्या ‘वन रुपी क्लिनिक’मध्ये लोकलमधून उतरवलेल्या बायका बाळंत झाल्या, त्या बातम्या आम्हीच ‘गोंडस बाळाला जन्म’ अशा मथळ्याने छापल्या. क्लिनिकवाल्यांनी काम चोख केलं, त्यांना मान. पण नववा भरलेली बाई लोकलच्या डब्यात का होती, हा प्रश्न आमच्यापैकी फार थोड्यांनी विचारला. कळवा, सायन, नायर, केईएम अशा वाऱ्या आमच्या बायका पोट घेऊन का करतात? ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ लिहिलं की बातमी संपते. मीही लिहिलंय.

इथपर्यंत मी भाचीच्या बाजूची. इथून पुढे नाही.

कारण आधी कल्याणची दुसरी एक मुलगी आठवली. यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई. माहेर कल्याणचं, नवराही कल्याणच्या टपाल खात्यातला. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. नीट उपचार मिळाले नाहीत. तेव्हाचं बाळंतपण म्हणजे घरचंच. अंधारी खोली, सुईण, शेगडी. ही मुलगी तिथून उठून अमेरिकेत गेली आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. सिनेमा बघून आपण रडतो, पण तिच्या प्रबंधाचा विषय फार थोड्यांना माहीत असतो. प्रसूतिशास्त्र. आपल्याकडच्या प्राचीन प्रसूतिविद्येवरच तिने लिहिलं. म्हणजे घरचं ज्ञान तिने टाकाऊ मानलं नाही. पण तेवढ्याने भागत नाही हे दहा दिवसांच्या बाळाने तिला शिकवलं होतं. परत आली, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिची वाट बघत होती, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला क्षयाने गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘मावशी, तो 1879 चा काळ. आता तशी सुईण नसते. मी शिकलेली मिडवाइफ बोलावणार.’

बरोबर आहे. मुंबई-पुण्याकडे, गोव्यात अशी सेवा देणाऱ्या मोजक्या प्रशिक्षित जणी आहेत. मोजक्या. बाकी जाहिरातींत दिसतात त्यातल्या पुष्कळ ‘डुला’ असतात. डुला म्हणजे सोबतीण. कंबर चोळेल, धीर देईल, श्वास कसा घ्यायचा सांगेल. फार मोलाचं काम आहे. पण वार आत अडकली तर ती काही करू शकत नाही. भाचीच्या यादीतल्या तीन नावांतल्या दोघी डुला निघाल्या. हा फरक माहीत नसताना घर सजवायला घेऊ नये. आणि मोबाइलवर बघून बाळंतपण उरकणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं? 2018 मध्ये तिरुप्पूरला एक तरुण शिक्षिका अशा प्रयोगात गेली. 2024 मध्ये चेन्नईजवळच्या एका जोडप्याने व्हॉट्सॲप ग्रुपच्या आधाराने घरी बाळंतपण केलं आणि आरोग्य खात्याने पोलिसांत तक्रार केली. त्या ग्रुपमध्ये हजारावर माणसं होती. 2025 च्या एप्रिलमध्ये केरळात मलप्पुरमला पाचव्या बाळाच्या वेळी घरीच बाळंत झालेली बाई रक्तस्रावाने गेली. यातलं एकही घर जंगलात नव्हतं.

पण भाची म्हणते ते इंग्लंड-हॉलंडसारखं, सगळं नीट आखून. म्हटलं चल, तेच बघू. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे 64 हजार बायकांचा मोठा अभ्यास झाला, 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांसाठी घर आणि रुग्णालय यांत बाळाच्या जिवाच्या दृष्टीने ठळक फरक दिसला नाही, शिवाय घरी सिझेरियन, चिमटे असले प्रकार कमी. भाचीने हे वाक्य पिवळं करून ठेवलंय. पण त्याच अभ्यासातलं पुढचं मी तिला दाखवलं. पहिलटकरणींमध्ये बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचं प्रमाण रुग्णालयात हजारी 5.3, तर घरी 9.3. आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या 45 जणींना मध्येच रुग्णालयात हलवावं लागलं.

शंभरात पंचेचाळीस! तिथे दोन प्रशिक्षित मिडवाइफ, औषधांची पेटी, रुग्णालयाला आधीच दिलेली खबर आणि दारात येणारी अॅम्ब्युलन्स, एवढं सगळं असताना.

आता हे पंचेचाळीस आपल्या रस्त्यावर आणा. कल्याण पश्चिम, संध्याकाळचे सात, बाळ अडलंय किंवा रक्त थांबत नाहीये. दुर्गाडी पुलाकडे निघालात तर कोनगाव, रांजणोली नाका, मग महामार्ग आणि माजिवडा. पत्री पुलाकडे वळलात तर शिळफाटा आणि मेट्रोचं काम. हाच पत्री पूल 2018 च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा सुरू व्हायला 2021 चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात त्या कोंडीत किती अॅम्ब्युलन्स भोंगा वाजवत उभ्या होत्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जवळचं नर्सिंग होम? ते विचारतं, ‘नाव कुठे घातलंय?’ घरी बिघडलेली केस अंगावर घ्यायला कुणी तयार नसतं, आणि त्यांची भीतीही मला कळते.

बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर धडधाकट बाईसुद्धा काही तासांत जाऊ शकते. तो थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वस्त आहे, पण ते थंडीत, दोन ते आठ अंशांवर ठेवावं लागतं. भाचीच्या फ्रिजमध्ये ते राहील, हो. देणारा हात आणि त्यानंतर लागलंच तर रक्त कुठून आणणार? महाराष्ट्रात 2001-03 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. एका पिढीत. ही उतरंड रक्तपेढ्या, इंजेक्शनं, 108 च्या गाड्या आणि आशाताईंच्या चपला झिजल्या, त्यातून आलेली आहे. तिच्याकडे पाठ फिरवताना निदान एकदा मोजावं.

म्हणून माझं मत सरळ लिहिते. आज, आपल्या शहरात, पहिलं बाळ घरी नको. घर वाईट म्हणून नव्हे. त्या घराच्या पाठीमागे कुणी उभं नाही म्हणून.

पाठीमागे कुणी उभं असलं की काय होतं ते आपल्याच राज्याने दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत काम केलं तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. त्यांनी बायकांना दटावलं नाही. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन, ऊब, श्वास अडला तर पिशवी-मास्क, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. झोपडीतसुद्धा जमलं, कारण झोपडीच्या पाठीमागे एक यंत्रणा उभी होती. खडकपाड्याच्या बाविसाव्या मजल्यावर ती नाही. तिथे लिफ्ट बंद पडते.

आणि इथे जरा उलटं बघू. कल्याणहून तासाभरावर मुरबाड, शहापूर. तिथल्या पाड्यांवरची बाई घरी बाळंत होते तेव्हा तिला कुणी ‘तुझा बर्थ प्लॅन काय’ म्हणून विचारत नाही. रस्ता नाही म्हणून झोळी, आणि झोळी पोहोचली नाही म्हणून घर. 2022 च्या ऑगस्टमध्ये मोखाड्यात एक बाई वेळेआधी घरीच बाळंत झाली, जुळी बाळं गेली आणि तिला झोळीतून चालत रस्त्यापर्यंत आणावं लागलं. मोखाडा 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. जिल्हा वेगळा झाला, झोळी तीच राहिली. भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवरही हेच, तिथे तर बाईची नोंद गावाकडे आणि पोट इथे. भाचीच्या आणि या बायकांच्या तोंडी शब्द एकच आहे, ‘घरी’. एकीची निवड, दुसरीचा नाइलाज. भाची हे ऐकून बराच वेळ गप्प होती, पण मग म्हणाली, ‘म्हणजे त्यांना रस्ता नाही म्हणून मी शिव्या खायच्या का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाहीच खायच्या.

आता जे सांगायला बसले तिकडे येते. बाळंतपण कुठे, हा वाद आपण सातव्या महिन्यात, ओटीभरणाच्या ताटाभोवती घालतो. प्रत्यक्षात तो पहिल्या तीन महिन्यांत निकालात निघालेला असतो. आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत आपल्याकडे तोंडाला कुलूप. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते.’

या रिवाजामागे दुखणं आहे, ते मी नाकारत नाही. कळलेल्या दिवसांपैकी शंभरातले दहा-पंधरा पहिल्या काही आठवड्यांतच जातात. सगळ्यांना सांगून मग सगळ्यांना परत सांगायचं, यापेक्षा गप्प बरं, असं आपल्या आज्यांनी ठरवलं असेल. पण गप्प राहण्याचा भार कुणावर पडतो? भाची रोज सकाळी कल्याणहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून नवी मुंबई. दिव्याला दार उघडतं, घामाचा-गजऱ्यांचा वास एकदम आत येतो आणि ती ओढणी तोंडाला धरून उभी. कुणी जागा देत नाही, कारण पोट दिसत नाही. ऑफिसात सांगायचं नाही, मग दुपारी डोकं टेबलावर टेकलं की ‘काय मॅडम, झोप झाली नाही वाटतं?’ कायद्याने 26 आठवड्यांची रजा आहे, दुर्दैवाने गर्भ पडला तर सहा आठवड्यांची आहे. पण हक्क मागायला आधी सांगावं लागतं ना. ज्या दिवसांत बाईला सगळ्यात जास्त ओकाऱ्या, थकवा आणि धास्ती, तेच दिवस तिने जगाला हसून दाखवायचं.

आणि शरीर काही आपल्या रिवाजासाठी थांबत नाही. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पुष्कळ जणींना पाळी चुकल्याचं नीट कळेपर्यंत. फॉलिक अॅसिडची ती छोटी गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, खरं तर दिवस राहायच्या आधीपासून हवी. ‘तीन महिने झाले की डॉक्टरकडे जाऊ’ म्हणणाऱ्या घरात ती उशिरा पोहोचते. गर्भ पिशवीतच आहे की नळीत अडकलाय हे सुरुवातीच्या सोनोग्राफीतच कळतं. रक्तगट निगेटिव्ह आहे का, थायरॉइड, साखर, रक्तदाब, हे सगळं बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवलं तर हाती येतं. पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या बायका महाराष्ट्रात शंभरात 71 च्या आसपास आहेत. उरलेल्या 29 कुठे असतात? काही पाड्यावर, काही भट्टीवर, आणि काही आपल्याच सोसायटीत, दृष्टीला घाबरून.

सगळ्यात पुढे हिमोग्लोबिन. त्याच पाहणीप्रमाणे राज्यातल्या जवळजवळ निम्म्या गर्भवती, 45.7 टक्के, रक्ताने कमी आहेत. हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की कानावरून जातं. त्याचा अर्थ असा, की बाळंतपणात जेवढं रक्त एखादी भरल्या अंगाची बाई सहज सोसेल, तेवढ्यातच दुसरी कोसळेल. घरी बाळंत होण्याची गोष्ट करायचीही असेल तर तिचा पहिला कागद हा. पाण्याचा टब आणि मंद दिवे त्यानंतर.

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन नाव नोंदवायला गेले. नववा आठवडा संपत आलेला. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 9.6. अकराच्या खाली म्हणजे कमी. सुशिक्षित घर, दोघांचा पगार, खाण्यापिण्याची ददात नाही, तरी 9.6. ती रिपोर्टकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. बोलायची फार इच्छा होती, हे कबूल करते.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘ठीक आहे. हॉस्पिटल. पण मी प्रश्न विचारणार.’ आणि फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहायला घेतलं. कळा सुरू असताना नवरा किंवा आई आत थांबेल का? मला फिरता येईल का, की पहिल्यापासून पलंगावर आडवं? कळा वाढवायचं इंजेक्शन लावण्याआधी सांगाल का? तपासताना दार लावाल का? तुमच्याकडे शंभरात किती सिझेरियन होतात? रक्त लागलं तर कुठून आणता, आणि किती वेळात?

यात चैनीचं काय आहे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये याच गोष्टी लिहून दिल्यात. सोबतीला हक्काचं माणूस, हालचालीची मोकळीक, आणि दर तासाला अमुक एवढंच तोंड उघडलं पाहिजे अशी घाई नको. आपल्या केंद्राच्या आरोग्य खात्याने तर 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला सांगितलं. 2018 च्या डिसेंबरात परिचारिकांना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन मिडवाइफ करायची, त्यांच्या हातात साधी बाळंतपणं सोपवायची, अशी मार्गदर्शिका काढली. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, जायची-यायची गाडी, सगळं मोफत, हे 2011 पासून आहे. कागद सगळे आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या पालिका रुग्णालयांत यातलं काय चालू आहे, किती खाटांमध्ये पडदे आहेत, किती परिचारिकांना हे प्रशिक्षण मिळालं, ‘पुढे घेऊन जा’च्या चिठ्ठ्या महिन्याला किती फाटतात, ही माहिती मी माहितीच्या अधिकारात मागितली आहे. ठाण्याकडेही मागितली आहे. आली की इथेच टाकेन, आली नाही तर तेही टाकेन.

आणि खासगीवाल्यांना एवढंच: दारावर दरपत्रक लावता, तसं सिझेरियनचं प्रमाणही लावा. अवघड केसेस जास्त येतात म्हणता, तर तेही खाली लिहा. आमचे वाचक अडाणी नाहीत.

आतापर्यंत तीन ठिकाणी जाऊन आलो. नावं नाही लिहीत, अजून कुठेतरी नाव घालायचंच आहे. पहिल्या ठिकाणी रिसेप्शनवरच उत्तर मिळालं, ‘नातेवाईक आत? आमच्याकडे पद्धत नाही.’ दुसऱ्या डॉक्टरांनी पुठ्ठा हातात घेऊन वाचला, हसले आणि म्हणाले, ‘गूगल फार करता तुम्ही. बघू तेव्हाचं तेव्हा.’ तिसऱ्या बाई साठीच्या आहेत, दवाखाना जुना, पंखा आवाज करतो. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. दोन उत्तरं भाचीला आवडली नाहीत. सोबतीला माणूस एकच, आणि पहिली खेप असल्याने ठोके ठरावीक वेळाने ऐकणार म्हणजे ऐकणार. पण का, ते सांगितलं. सिझेरियनचा आकडा विचारल्यावर थोडं थांबून म्हणाल्या, ‘मोजला नाही कधी. पुढच्या वेळी याल तेव्हा वही काढून ठेवते.’ पुढची वेळ येत्या गुरुवारी आहे.

भाचीने अजून शस्त्रं टाकलेली नाहीत. दुसरं बाळ घरी, असं तिने परवाच जाहीर केलं. तोवर इथे मिडवाइफ असेल तर मी स्वतः पाणी तापवायला येईन, असा शब्द दिलाय. सध्या रोज लोहाची गोळी कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारून, वर खजूर आणि नाचणी चालू आहे. ओकारीत अर्धं बाहेर जातं, ती भाग वेगळा.

तुमच्यापैकी कुणाला ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथली अशी जागा माहीत असेल, जिथे कळा सुरू असताना आई, नवरा किंवा बहीण खरोखर आत थांबू शकले, तर लिहा. सरकारी असो, खासगी असो. ऐकीव नको, स्वतःचा अनुभव हवा. आणि ताई भेटली तर या पोस्टबद्दल बोलू नका. ती फेसबुकवर नाही, आणि तिच्या हिशेबाने बारा आठवडे पूर्ण व्हायला अजून पंधरा दिवस आहेत.